वरची दोन बोटं माती

फोनवर तुम्ही दोघं मधूनच विचारता, "आज्जी, डोंगरावरचं रान कसं आहे?" मी "आहे की" म्हणते आणि लगेच तुमच्या जेवणाखाणाची चौकशी सुरू करते. हे पूर्ण खोटं नाही. अर्धं रान आहे. उरलेलं अर्धं का नाही, हे फोनवर सांगायला मला जमत नाही, कारण बोलायला लागले की मी स्वतःची बाजू मांडायला लागते. लिहिताना निदान ती वाक्यं खोडता येतात. या कागदावर तशी बरीच खोडलेली आहेत.

आधी जागा सांगते. तुम्ही तिथं गेलात तेव्हा लहान होतात, तुम्हाला फक्त जळवा आणि चुलीवरची भाकरी आठवते. साताऱ्याच्या पश्चिमेला जावळीच्या डोंगरात तुमच्या आजोबांचं गाव. घराच्या वरच्या अंगाला एक उतार आहे. त्यावर ऐन, किंजळ, हिरडा आणि मधूनमधून जांभळाची झाडं. उताराच्या खाली भाताची खाचरं आणि नाचणीचा तुकडा. आजोबा गेले, त्यांच्यामागे धाकटे दीरही गेले, पण आम्ही जावांनी जमिनीचे वाटे पाडले नाहीत. कसते ती धाकटी जाऊ. मी सांगलीत राहून वर्षाला तांदळाचं पोतं आणि नाचणीचं गाठोडं घेते. हे आमचं ठरलेलं, आणि आजवर कोणालाच जड गेलेलं नव्हतं.

मी सांगलीची, काळ्या रानातली. तिथलं ढेकूळ हातात घेतलं की हात धुवावे लागतात. इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेजात रसायनशास्त्र इंग्रजीतूनच शिकवलं. कपाटातल्या डब्यांना लेबलं, औषधांना वार. तुमचे आजोबा मला 'प्रयोगशाळा' म्हणायचे. डोंगरावर गेले की मी पाहुणीच. जाऊ मला 'आक्का' म्हणते, बसायला पाट देते आणि काम करू देत नाही. तिच्या एकाच गोष्टीवर मी कुरकुर करायची, ती म्हणजे राब.

राब तुम्ही पाहिलेला नाही. थंडीत ती त्या उतारावरच्या झाडांच्या फांद्या छाटते, वाळू देते. उन्हाळ्यात भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर आधी शेण, मग त्या फांद्या, पालापाचोळा, वाळलं गवत असे थर रचते आणि वर बारीक माती पसरते, म्हणजे जाळ भडकत नाही, धुमसत राहतो. आग वाऱ्याच्या उलट बाजूनं लावायची. भाजलेल्या त्या मातीत बी टाकलं की रोप तरारून येतं. धुरानं मला खोकला यायचा, म्हणून मी म्हणायची, "अगं, कशाला जाळतेस? कुजवून खत कर." ती म्हणायची, "किडं मरत्यात आक्का. तण बी जळतंय." मला ते पटायचं नाही आणि ती माझ्याशी वाद घालायची नाही.

गेल्या काही वर्षांत त्या भागात स्ट्रॉबेरी पसरली. तिचा मुलगा फौजेतून निवृत्त होऊन घरी आला, आणि हातात काम हवं म्हणून त्याचं लक्ष त्या उतारावर गेलं. उतार मशीननं सपाट करायचा, खालून तळ्याचा गाळ आणून भरायचा, वाफे काढायचे. परवानगीचं तो बघणार होता. जाऊ ऐकेना. रान गेलं तर राबाला फांदी कुठली आणायची? दिवाळीपासून दोघांचं बिनसलेलं होतं. संक्रांतीला मी गेले तेव्हा ओट्यावर माझ्यासमोरच पुन्हा जुंपली.

"आई, त्या मातीत हाय काय? नुसता मुरूम हाय."

"मग झाडं काय हवेत उभी हायत व्हय रं?"

"झाडं दगडावर बी उगवत्यात."

"त्ये मला ठावं हाय. तू बी दगडावरच उगवलायस, म्हनून तर डोकं असं."

तो हसला. आईचं बोलणं त्याला लागत नाही, हा त्याचा चांगला गुण. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, फैसला तुमी करा. माती टेस्ट करू. मातीत कस निघाला तर मी रानाला हात लावनार न्हाई. शब्द हाय. न्हाई निघाला, तर आईनं परत बोलायचं न्हाई."

जाऊनं तिळगुळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "माती आक्का घेतील. ह्येच्या हातात नको. ह्यो पिशवीत दगडंच भरून न्हील."

मला बरं वाटलं. दोघांनाही माझा निर्णय मान्य होता, आणि माती तपासणं हे माझ्या हातातलं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून उतारावर गेले. नमुना कसा घ्यावा याच्या सूचना मोबाईलवर उघडलेल्या होत्या. नागमोडी चालत ठिकाणं निवडायची. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा. इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती खुरप्यानं वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीनं कापायची. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा मिसळायचं. मी यातलं एकही पाऊल गाळलं नाही.

उलट थोडं जास्तच केलं. पानं सारली की खाली दोन बोटं जाडीचा काळा, ओलसर, भुसभुशीत थर होता. त्यात पानांच्या शिरा, बुरशीचे पांढरे धागे आणि लहान मुळ्या गुंतलेल्या. सूचना होती पालापाचोळ्याची. मला ते काळं अस्वच्छ वाटलं. मी तेही खरवडून काढलं आणि तांबडी माती लागली तेव्हाच खड्डा घेतला.

जाऊ मागून येत होती. तिनं विचारलं, "आक्का, ह्ये काळं घ्यायचं न्हाई?"

"नाही गं. हा कचरा. माती खाली आहे."

"व्हय का," म्हणाली, आणि मी खरवडलेलं ते तिनं पाटीत भरून घेतलं. राबाला होईल म्हणून.

साताऱ्यात मातीच्या प्रयोगशाळेत पिशवी दिली तेव्हा तिथल्या मुलीनं विचारलं, "ताई, वरचं साफ करून घेतलीत ना?" मी म्हटलं, "अगदी." ती म्हणाली, "छान, लोक कसंही भरून आणतात." मी त्या शाबासकीवर सांगलीपर्यंत आले.

अहवाल पुतण्याच्या मोबाईलवर आला. त्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

"काकी, फुरद अत्यंत कमी. लाल रंगात लिवलंय."

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. मुळं धरायला, रोप उभं राहायला लागतो तो. मागून जाऊचा आवाज आला, "दे हिकडं." मग ती फोनवर आली.

"आक्का, खरं हाय का ह्ये?"

"अहवाल खरा आहे. मी सगळं नियमाप्रमाणे घेतलं होतं."

"मग झालं," ती म्हणाली.

तिनं दुसरं काही विचारलं नाही. दिवाळीपासून मुलाशी भांडणारी बाई माझ्या एका वाक्यावर गप्प झाली. ती चिडली असती तर मी कदाचित विचार केला असता. पण ती चिडली नाही, आणि मी निवडलेली भाजी धुवायला घेतली.

थोड्या दिवसांनी आमच्या कॉलनीत पानगळीचा ढीग कोणीतरी पेटवला. मी खिडकी लावायला उठले. धुराला शेवग्याच्या पानांचा वास होता. खिडकीशी उभी असताना मला माझ्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतली भट्टी आठवली. चिनीमातीच्या छोट्या वाटीत माती घालून आम्ही ती भट्टीत भाजायचो. त्याच मातीचा दुसरा भाग न भाजता ठेवायचा. मग दोन्हींतला फॉस्फरस आम्लात उतरवून मोजायचा. भाजलेल्या मातीत तो जास्त यायचा, आणि जेवढा जास्त तेवढा सेंद्रिय. म्हणजे पानांत, मुळांत, किड्यामुंग्यांच्या अंगात असलेला, मेलेल्या जिवांबरोबर मातीत गेलेला आणि कुजण्याच्या वाटेवर अडकून राहिलेला. नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. ती तपासणी फक्त मुळांना आत्ता, हाताशी असलेला तेवढा मोजते.

डोंगरातल्या तांबड्या मातीत लोह भरपूर असतं आणि ते मोकळा फॉस्फरस धरून ठेवतं, पिकाला सोडत नाही. तिथं झाडांना तो मिळतो तो वरच्या थरातून. पान पडतं, कुजतं, बुरशी आणि जिवाणू ते हळूहळू फोडतात आणि मुळ्या तो खाली जाण्याआधीच उचलतात. रानाचा सगळा संसार त्या दोन बोटांत चालतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आणि तो थर मी स्वतः खुरप्यानं खरवडला, त्याला कचरा म्हटलं, आणि उरलेल्या मातीला असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर 'काही नाही' असंच येणार होतं.

जाऊ वर्षानुवर्षं राबात तेच करत होती, जे आम्ही भट्टीत करायचो. रानातला सेंद्रिय साठा भाजून मोकळा करायचा आणि रोपाच्या मुळाशी द्यायचा. तिला वाटायचं किडे मरतात. मला वाटायचं धूर होतो.

इथं मी थांबायला हवं होतं, आणि मोबाईल उचलायला हवा होता. नंबर समोर होता. मी आधी जुनं पुस्तक काढलं. मग स्वतःला सांगितलं की पुस्तकातला धडा आपल्या उतारालाही लागू पडतो हे कशावरून. मग सांगितलं की पुतण्याला आता फोन केला तर तो म्हणेल, आईनं काकींना गळ घातली. मग शिमगा आला, त्या गडबडीत कशाला. या सगळ्यांत थोडं थोडं खरं होतं. पूर्ण खरं एवढंच, की त्या दोघांनी मला न्यायाधीश केलं होतं आणि मला त्या खुर्चीवरून 'चुकले' म्हणून उतरायचं नव्हतं. मला कोणी रागावणार नव्हतं. तरीही.

शिमगा झाल्यावर फोन केला. पलीकडून घरघर ऐकू येत होती.

"मशीन आलंय काकी! ऐकू येतंय न्हवं?"

"थांबव ते."

"काय?"

"मशीन थांबव म्हणते. माझं चुकलंय, नमुना चुकीचा घेतला मी."

"आवाज तुटतोय काकी! रेंज न्हाई हितं. रातच्याला करतो."

रेंज खरंच नव्हती का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. तुम्ही सांगता तसा मेसेज लिहिला, पण 'माझं चुकलं' यापुढे काय लिहावं ते सुचेना, आणि तो तसाच राहिला.

पहाटेची एस.टी. धरून साताऱ्याला गेले, तिथून जीपनं वर. वळणावरून उतार दिसला. वरची बाजू तांबडी झाली होती, सोललेल्या गुडघ्यासारखी. खालच्या बाजूला झाडं होती. मशीन मध्ये उभं होतं, आणि ड्रायव्हर त्याच्या सावलीत डबा खात होता.

पुतण्या समोर आला. पाया पडला. फौजेत गेल्यापासून तो सॅल्यूट करेल असं वाटतं, पण पाया पडतो.

"काकी, काय झालं? काल काय म्हनत व्हता?"

मी उभ्याउभ्या सांगितलं. वरचं काळं, तपासणीत काय येतं, काय येत नाही. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी रिपोर्ट खोटा?"

"रिपोर्ट खरा आहे. त्यात जे मोजलेलंच नाही, ते मी तुला सांगायला पाहिजे होतं."

"तुमाला तवा ठावं न्हवतं?"

"माती घेताना आठवलं नाही. नंतर आठवलं, तरी लगेच सांगितलं नाही."

त्यानं मागे वळून मशीनकडे पाहिलं. मग टोपी काढून डोकं पुसलं. "काकी, मी शब्द दिला व्हता. कस निघाला तर हात लावनार न्हाई असा. आता माजा शब्द मोडला का पाळला, त्ये बी तुमीच सांगा."

मी म्हटलं, "तुझा नाही मोडला."

तो ड्रायव्हरकडे गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण ड्रायव्हरनं डब्याचं झाकण लावलं, आणि थोड्या वेळानं मशीन रस्त्याच्या दिशेनं उतरायला लागलं. उरलेलं रान उरलं ते असं. मी वाचवलं म्हणणार नाही. मी आधी फोन केला असता तर वाचवण्यासारखं काही झालंच नसतं.

जाऊ घरात होती. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मुलानं तिला दारातच सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही असं नाही. "साखर कमी घालू ना?" म्हणाली. "बस भरलेली व्हती का?" म्हणाली. तेवढंच. तिनं मला शिव्या द्याव्यात म्हणून मी एकदोनदा विषय काढला. "माझ्यामुळे झालं गं," म्हटलं. ती म्हणाली, "चा घ्या, गार हुतोय."

मशीननं वरचा थर खरडून कडेच्या ओघळीत लोटला होता. काळी माती, मुळ्या, फांद्या, सगळं एकात. पावसाळ्यात ते वाहून ओढ्याला जाणार हे दिसतच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ पाटी घेऊन निघाली. मीही एक पाटी घेतली. तिनं माझ्याकडे बघितलं, पण ठेवा असं म्हणाली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ओघळीत उतरून ती फावड्यानं भरायची, मी वर आणून कडेला ढीग करायची. माझी पाटी लहान, तीही पुरती भरलेली नसायची. दुपारपर्यंत ढीग बरा झाला. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आक्का, ह्ये कुठं टाकू? राबाला घेऊ, का वरच्या लालीवर पसरू?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तिनं फावडं खाली ठेवलं. तिचा आवाज मी कधी इतका चढलेला ऐकला नव्हता.

"माहीत न्हाई म्हनू नका! त्ये आमाला बी येतंय. तुमी शिकलेल्या हाय न्हवं? मग सांगा."

मी ढिगाच्या कडेला बसले आणि जमेल तसं सांगितलं. भाजलं तर यातलं बरंचसं लगेच मोकळं होईल, यंदाच्या रोपाला मिळेल. पण मोकळं झालेलं तांबड्या मातीत धरलं जाईल नाहीतर वाहून जाईल, पुढच्या साली उरणार नाही. वरती पसरलं तर यंदा काहीच दिसणार नाही. हळूहळू, झाडोरा पुन्हा आला, पानं पडायला लागली, तर कधीतरी. आणि पसरलेलं पहिल्याच पावसात वाहून जायचीही भीती आहे. म्हणजे आडवे बांध घालावे लागतील. त्यातही नक्की काय होईल हे मला सांगता येत नाही, कारण या उतारावर ते कोणी मोजलेलं नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "असं सांगायला इतका येळ लागला व्हय? ह्येच तवा सांगायचं व्हतं. ह्येवढं असंल, ह्येवढं नसंल, ठावं न्हाई त्ये ठावं न्हाई. आमी आमचं ठरवलं असतं."

मी ढिगातली एक मुळी उचलून तिची माती झटकली.

"तुमच्या तोंडून 'नियमापरमानं' ऐकलं आन् मी गप बसले," ती म्हणाली. "पोराफुडं तोंड मिटलं. माजं बी चुकलंच की."

"तुझं काय चुकलं?"

"इचारलं न्हाई. तुमी कचरा म्हनालात, म्या उचलून राबाला न्हेला. कचरा असता तर न्हेला असता का?"

हे ती मला सोडवण्यासाठी म्हणत होती की सुनावण्यासाठी, मला कळलं नाही. दोन्ही असावं. तिनं फावडं उचललं, ढिगाचे डोळ्यांनी दोन भाग केले, एक मोठा, एक लहान. लहान राबाला. मोठा वर लालीवर. पुतण्या तोपर्यंत दगड घेऊन आला होता आणि आडवे बांध कुठं घालायचे ते आईला विचारत होता, मला नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्यातला थोडाच भाग वर नेऊ शकलो. माझ्या तळहाताला फोड आले, ते मी पदराखाली ठेवले. ओघळीत अजून बरंच काळं शिल्लक होतं. परतताना ती पुढे, मी मागे. पायरीशी ती थांबली आणि माझ्या हातातली पाटी काढून घेऊन भिंतीला उपडी घातली.

"उद्या ही नको," ती म्हणाली. "मोठी घ्या."